मुलुंडचा फ्लॅट, माणचं कुरण आणि कागदावरचं जंगल

२०१८ च्या मार्चमधला तो रविवार मुलुंड-भांडुपकडच्या लोकांना चांगला आठवतो. नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च ठाणं सोडून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागला होता. लाल टोप्या, लाल बावटे, डोक्यावर गाठोडी. पायांकडे तर बघवत नव्हतं; सहा दिवस डांबरावर चालून कित्येकांच्या तळव्यांची सालं निघाली होती. माझ्या आत्याच्या सोसायटीतल्या पोरांनी पाण्याच्या बाटल्या नि बिस्किटांचे पुडे वाटले, कुणी घरातल्या चपला आणून दिल्या. त्या रात्री मोर्चा सोमय्या मैदानावर टेकला, आणि सकाळी दहावीच्या मुलांची परीक्षा अडायला नको म्हणून रात्रीतच उठून आझाद मैदानाकडे चालू लागला.

हे मुंबई अजून कौतुकाने सांगते. पण ती माणसं आली कशासाठी होती, असं विचारलं तर बहुतेक जण 'कर्जमाफी' एवढंच सांगतात. ती मागणी होतीच. मोर्चातल्या आदिवासींचं जुनं दुखणं मात्र वेगळं होतं: बापजाद्यांपासून कसत आलेली वनजमीन आमच्या नावावर करा.

गंमत अशी, की पाणी वाटणाऱ्या आत्याच्या सोसायटीचंही काही वर्षांपूर्वीपर्यंत साधारण हेच दुखणं होतं. एके दिवशी कळलं की इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिच्या सातबाऱ्यावर 'खाजगी वन' अशी नोंद चढली आहे. फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईक परत जाई, बँक कर्जाला हात लावत नसे. "जंगल? अहो, आमच्याकडे एक गुलमोहर आहे, तोही गेटपाशी," असं आत्या ज्याला त्याला सांगायची.

झालं होतं असं. १९५० च्या दशकात मुंबई-ठाण्याकडच्या काही जमीनमालकांच्या नावे वन कायद्याखाली नोटिसा निघाल्या होत्या, की तुमच्या जागेवर झाडं आहेत, ती तोडण्यावर बंधनं घालायचा विचार आहे. पुढे काहीच घडलं नाही. मग १९७५ मध्ये राज्याने खाजगी वनं ताब्यात घेण्याचा कायदा केला. त्या वर्षीच्या ३० ऑगस्टला जी जमीन 'खाजगी वन' ठरत होती ती आपोआप सरकारजमा. जुन्या नोटिसांच्या आधारे असंख्य जमिनी या व्याख्येत बसतात, हे बऱ्याच उशिरा कुणाच्या तरी ध्यानात आलं. तोवर तिथे महापालिकेच्या रीतसर परवानगीने टॉवर उभे राहिले होते. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: नुसती नोटीस काढून भागत नाही, ती मालकाच्या हाती पडायला हवी, तिच्यावर पुढची कारवाई व्हायला हवी. मुलुंड-विक्रोळीत पेढे वाटले गेले.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच, की वनधोरण ही गडचिरोलीच्या लोकांची भानगड आहे असं मुंबईत बसून वाटतं. पण 'जंगल' हा आपल्याकडे आधी दप्तरातला शब्द आहे आणि मग झाडांचा समूह. हे एकदा डोक्यात बसलं की गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या वनकायद्यांचं कोडं बरंचसं उलगडतं.

जंगल म्हणजे काय, या प्रश्नाला सरकारदरबारी निदान तीन उत्तरं आहेत. पहिलं दप्तराचं. महसूल किंवा वन खात्याच्या कागदावर 'वन' लिहिलं असेल तर ते वन, मग तिथे बोडका माळ का असेना. महाराष्ट्राच्या सुमारे वीस टक्के जमिनीवर असं लिहिलेलं आहे. दुसरं उत्तर शब्दकोशाचं. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मालक कोण आणि दप्तरात काय ते राहू द्या. शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल दिसतं त्याला १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू. म्हणजे तिथे खाण, रस्ता, कारखाना काहीही काढायचं तर आधी केंद्राची परवानगी. तिसरं उत्तर उपग्रहाचं. एक हेक्टर किंवा जास्त जागेवर वरून बघताना दहा टक्क्यांहून अधिक सावली झाडांच्या शेंड्यांची दिसली, की ते 'वनाच्छादन'. यात आंब्याची बागही मोजली जाते आणि निलगिरीची लागवडही. या मापाने महाराष्ट्राचं वनाच्छादन सोळा टक्क्यांच्या थोडं वर भरतं.

तीन पट्ट्या, तीन मापं. कुठली कधी लावायची यावरच सगळं राजकारण. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायदा बदलला आणि दुसऱ्या पट्टीला कात्री लागली. कायद्याखाली अधिसूचित झालेली वनं, आणि २५ ऑक्टोबर १९८० पासून पुढे सरकारी नोंदीत 'वन' म्हणून असलेली जमीन, यांनाच कायदा लागू राहील असं ठरलं. देशाच्या सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतले सामरिक रस्ते-रेल्वे यांना सूट मिळाली. त्याच्याशी महाराष्ट्राला फारसं देणंघेणं नाही. सरकारी प्राणिसंग्रहालय, सफारी नि इको-टुरिझमला दिलेल्या सवलतीशी मात्र आहे. नोंद नसलेल्या जंगलाचं काय, हा प्रश्न न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की राज्यांनी आपापल्या नोंदी पुऱ्या करेपर्यंत शब्दकोशाचीच व्याख्या चालवा.

मुंबईकराला याचा नमुना लांब शोधायला नको. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेला जंगल म्हणायला उच्च न्यायालयाने नकार दिला आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी करवती चालू झाल्या. पुढच्या दोन वर्षांत त्याच आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन ठरली. माती तीच, पाडे तेच, त्यांतले वारली नि कोकणा आदिवासीही तेच.

आता कोरडवाहू मुलखातलं जंगल. मुंबईकराच्या डोळ्यासमोर जंगल म्हटलं की बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान नाही तर माथेरान येतं, ओलं, गर्द. सह्याद्री ओलांडून पलीकडे उतरलं की पाऊस एकदम आटतो. मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर, तर माण, आटपाडी, जत, सांगोल्याकडे पाचशे-सहाशे पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. राज्यातलं बहुतेक जंगल या ना त्या प्रकारचं शुष्क पानझडी किंवा काटेरी आहे. विदर्भ-खानदेशात साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, पळस, सालई; इकडे दुष्काळी पट्ट्यात बाभूळ, हिवर, बोर, खैर आणि मधे लांबच लांब गवत. मार्च-एप्रिलमध्ये ही झाडं पानं टाकून उभी राहतात. पाणी वाचवायची ती त्यांची रीत, मेलेली नसतात. पाहुण्याला मात्र वाटतं, इथे काहीच नाही.

आमचे आतोबा माण तालुक्यातले. एलबीएस रोडवरच्या कारखान्यात आयुष्य काढलं, पण घरचा धंदा मेंढरांचा. त्यांच्याबरोबर एकदा दिवाळीनंतर गावच्या कुरणात गेलो होतो. तासाभरात माझ्या मोज्यांत कुसळं अशी रुतली की शेवटी मोजेच फेकून दिले. "ही कुसळी," आतोबा म्हणाले, "कवळी आसंपर्यंत मेंढरू खातं, कुसळ आलं की तोंड लावत न्हाय. त्यो बघ पवन्या. त्यो मारवेल, बांधाला ऱ्हातो. मारवेल दिसला की समजायचं हितं वल हाय." मला सगळं पिवळं गवत दिसत होतं. त्यांनी एका जागी उभं राहून सहा जाती दाखवल्या, आणि कुठली कुठल्या महिन्यात चारायची तेही सांगितलं. असल्या माळावर लांडगा, कोल्हा, चिंकारा जगतात. नान्नजचा माळढोक असल्याच गवतावर होता. गावच्या सातबाऱ्यावर या कुरणाला 'वन' म्हटलंय. उपग्रहाला मात्र इथे वन दिसत नाही, कारण शेंड्यांची सावली दहा टक्के भरत नाही. वन खात्याच्या योजनेत ती 'अवनत', म्हणजे खराब झालेली वनजमीन. तिन्ही कागदांवर गवताला जागाच नाही.

ही नजर जुनी आहे. इंग्रजांना जंगलातून दोन गोष्टी हव्या होत्या: लाकूड आणि महसूल. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या कारागिरांनी सागवानाची जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये अजून तरंगतं आहे. पुढे रेल्वेला स्लीपर लागले. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला पहिला वनसंरक्षक मिळाला, १८७८ च्या कायद्याने 'राखीव', 'संरक्षित' आणि 'ग्रामवन' अशी वाटणी केली आणि १९२७ चा कायदा तर आजही चालू आहे. सागाला भाव होता म्हणून साग राखीव. ज्यातून ना लाकूड ना शेतसारा, ती जमीन 'पडीक'. डोंगर-गायरानं वन खात्यात ओढली गेल्याने गरीब शेतकऱ्याच्या शेळ्या-गुरांना तोंड घालायला जागा उरली नाही, हे महात्मा फुल्यांनी १८८० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे. १९३० चा जंगल सत्याग्रह याच रागातून पेटला: पुसदला बापूजी अणे, सांगलीकडे बिळाशी, आणि मुंबईच्या खाडीपलीकडे उरण तालुक्यातलं चिरनेर, जिथे २५ सप्टेंबरला गोळीबार झाला. १९३० हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, गार्ड राहिला. सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईची कोयती हिसकावून घ्यायची, शेळी कुरणात शिरली की दंडाची पावती फाडायची, हे चालूच. धोरणाने खरं वळण घेतलं १९८८ मध्ये. त्या वर्षीच्या राष्ट्रीय वननीतीत पहिल्यांदा लिहिलं गेलं की जंगलातल्या वस्तूंवर पहिला हक्क आसपासच्या लोकांच्या गरजांचा, कारखान्यांचा नंतर. १९९० पासून 'संयुक्त वनव्यवस्थापन' आलं. गावोगावी समित्या झाल्या, बोर्ड लागले. काही ठिकाणी कामही चांगलं झालं, पण सोप्या भाषेत सांगायचं तर हा बटाईचा करार होता. राखण तुम्ही करा, मालक आम्ही, पीक आलं की वाटा देऊ. वाट्याचा हिशोब मालकाकडे.

बटाईदाराला हक्कदार केलं ते २००६ च्या वनहक्क कायद्याने. तो अमलात आला २००७ च्या शेवटच्या दिवशी. याच्याबद्दल शहरात एक पक्का गैरसमज आहे: सरकारने मतांसाठी जंगल वाटून टाकलं. कायदा नवी जमीन वाटत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो वनजमीन कसतो त्याचा हक्क नोंदवतो, तोही फार तर चार हेक्टर, आणि ती जमीन विकता येत नाही. दावा गावाच्या वनहक्क समितीकडे जातो, ती जागेवर जाऊन मोजते, ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागीय समिती, शेवटी जिल्हास्तरीय समिती.

पुराव्यात मोठी मौज आहे. आदिवासीकडे खरेदीखत कुठलं असणार? म्हणून नियमांत जुनी विहीर, बांध, थडगी, देवाची जागा, गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब, असं बरंच काही पुरावा म्हणून चालतं. आणि चालते ती अतिक्रमणाच्या दंडाची पावती. ज्या गार्डाने पंचवीस वर्षांपूर्वी 'बेकायदा नांगरट' म्हणून पावती फाडली, त्यानेच नकळत लिहून दिलं की हा माणूस त्या वर्षी तिथे कसत होता. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या घडीत अशा पावत्या जपून ठेवलेली घरं आहेत. ज्यांनी रागाच्या भरात त्या चुलीत घातल्या त्यांचे दावे अडले.

तरी मोर्चा का निघाला? दावे वर्षानुवर्षं पडून राहिले, फेटाळले तर कारण लेखी मिळेना, आणि मंजूर झाले तरी कसतो एकरात, पट्टा मिळतो गुंठ्यांत. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळलेल्यांना हटवायचा आदेश दिला. दोन आठवड्यांत तो स्थगित झाला, पण त्या पंधरवड्यात पाड्यांवर कुणाला झोप लागली नसेल.

माझ्या मते या कायद्याचा दमदार भाग वैयक्तिक पट्ट्यांचा नाहीच. तो आहे सामूहिक हक्काचा. गाव परंपरेने जे जंगल राखत-वापरत आलं ते अख्खं गावाच्या ताब्यात: राखायचं, वाढवायचं, त्यातला माल काढून विकायचा. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे असा हक्क मिळालेलं देशातलं पहिलं गाव, २००९ मध्ये, सुमारे अठराशे हेक्टरवर. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावची.

हक्क मिळाला आणि लगेच बांबू अडला. वनस्पतिशास्त्र सांगतं बांबू हे गवत. १९२७ चा कायदा सांगतो बांबू हे झाड, म्हणजे इमारती लाकूड, म्हणजे सरकारचं. २००६ चा कायदा सांगतो बांबू गौण वनोपज, म्हणजे लाकडाखेरीजचा जंगलातला माल, म्हणजे गावाचा. माल गाडीत भरून न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो देणार वन खातं. मेंढा गावाने दोन वर्षं हे ओढून धरलं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. सगळा कायदा एकीकडे आणि ते पुस्तक एकीकडे. शिक्का कुणाच्या खिशात आहे यावर जंगलाचा मालक ठरतो. (२०१७ मध्ये बांबू 'झाडां'तून वगळला गेला, पण फक्त वनाबाहेरच्या जमिनीवर. शेतात गवत, जंगलात झाड! असो.)

तेंदूचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये पहाटे जंगलात जाऊन एकेक पान खुडायचं, दुपारी घरी बसून सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून द्यायचा. हजार पुडे, म्हणजे सत्तर हजार पानं, झाली की एक स्टँडर्ड बॅग. १९६९ च्या राज्याच्या कायद्याने हा व्यापार सरकारच्या हाती होता: लिलाव खात्याचा, मजुरी लोकांची. आता विदर्भात शेकडो ग्रामसभा स्वतः लिलाव काढतात. मजुरीखेरीज नफाही गावात राहतो. ठेकेदार पैसे बुडवून पळण्याची जोखीमही गावावरच आली, हेही खरं.

हे सगळं घनदाट बांबूच्या मुलखातलं. कोरड्या, उघड्याबोडक्या जागेत काय होतं ते पाहायला मेळघाटच्या पायथ्याचं पायविहीर चांगलं. २०१२ मध्ये गावाला दोनशे हेक्टरच्या आतबाहेर जागा मिळाली. लोकांनी चर खोदले, चराई आवरली, सीताफळं लावली-राखली. 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने तिथली सीताफळं मुंबईत विकायला आली. कामासाठी दरवर्षी गाव सोडणाऱ्यांना गावात काम मिळालं. धुळ्याच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा याहून जुनं. तिथे चैत्राम पवारांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकात कुऱ्हाडबंदी झाली, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोरडं जंगल कापलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं. त्याला चार-पाच पावसाळे कुणी त्रास दिला नाही तर फार लागवडही लागत नाही. हे ज्याला आपलं वाटतं तोच एवढी वर्षं थांबतो.

पण इथे एक मेख आहे, आणि दुष्काळी पट्ट्याच्या दृष्टीने ती मोठी आहे. गावांना बळ देणारा दुसरा कायदा म्हणजे १९९६ चा पेसा, आदिवासी भागातल्या पंचायतींचा. तो फक्त अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने आदिवासी भाग म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्रात, चालतो. महाराष्ट्रात अशी क्षेत्रं तेरा जिल्ह्यांत आहेत. सातारा, सांगली, सोलापूर, बीड, धाराशिव यांतल्या एकाही जिल्ह्यात नाहीत. वनहक्क कायदा राज्यभर चालतो, मेंढपाळांच्या हंगामी चराईचा हक्कही त्यात शब्दांत लिहिला आहे. मात्र अनुसूचित जमातीत नसलेल्या माणसाला १३ डिसेंबर २००५ च्या मागे तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, त्या भागात राहून वनावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. तोच जमिनीचा तुकडा पंचाहत्तर वर्षं कसला असं दाखवायची गरज नाही, हे केंद्राने स्पष्ट केलेलं आहे, तरी तालुक्याच्या ठिकाणी ते समजावता समजावता चपला झिजतात. २००५ मधून पंचाहत्तर वजा करा: १९३०. ज्या साली लोक कुरणातलं गवत कापून तुरुंगात गेले, त्या सालापासूनचा पुरावा.

धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतो, पावसाच्या तोंडाला परत येतो. वर्षातले सहा-सात महिने जो वाटेवर असतो तो कुठल्या गावच्या ग्रामसभेत हात वर करणार? उलट, ज्या गावांना हक्क मिळाला तिथल्या चराईबंदीचा पहिला फटका बाहेरून येणाऱ्या कळपालाच बसतो. ग्रामसभा म्हणजे देवमाणसांची सभा नव्हे. सरपणाला जाणाऱ्या बायकांना न विचारता पुरुषांनी ठराव केल्याच्या गोष्टी खूप आहेत. हा दोष कायद्याच्या माथी मारता येत नाही, पण झाकूनही ठेवू नये.

आता दुसऱ्या बाजूने येणाऱ्या सुधारणा. एकीकडे जंगल खाणीला किंवा रस्त्याला दिलं की त्याबदली दुसरीकडे झाडं लावायची, त्याचे पैसे भरायचे. हा पैसा खर्चायचा कायदा २०१६ मध्ये झाला. बदली लागवडीला जागा कुठली? बऱ्याचदा तीच, 'अवनत' म्हणून लिहिलेली. म्हणजे विदर्भातला साग पडतो आणि त्याची भरपाई एखाद्या माळावर खड्डे खणून होते. २०१६ ते २०१९ मध्ये राज्यात पन्नास कोटी झाडांची मोहीम झाली. २०२३ मध्ये केंद्राने 'ग्रीन क्रेडिट' आणलं. अवनत वनजमिनीवर झाडं लावण्याचा खर्च कंपनीने करायचा आणि बदल्यात क्रेडिट कमवायचं. पुढच्या वर्षी आलेल्या पद्धतीत हेक्टरी निदान अकराशे झाडांची अट होती. २०२५ मध्ये या नियमांत बदल झाले, पण झाड मोजायची खोड गेलेली नाही.

हेक्टरी अकराशे म्हणजे साधारण तीन-तीन मीटरवर एक. पाचशे मिलिमीटर पावसाच्या, हातभर मातीखाली मुरूम लागणाऱ्या माळावर हे जगेल का? टँकरने पाणी घातलं तर जगेलही. मग काय होईल? सावलीत पवन्या मरेल. गवत गेलं की मेंढरू गेलं, चिंकारा गेला, त्याच्यामागे लांडगा गेला किंवा वाड्यावरच्या, म्हणजे मेंढपाळांच्या तळावरच्या, कोकरावर आला. गवताची मुळं जमिनीत कार्बन धरून बसतात, ते कुठल्याच क्रेडिटमध्ये मोजलं जात नाही. लागवडीला शेळी खात नाही असं झाड हवं म्हणून गिरिपुष्प लावतात. शेळीवाल्याच्या कुरणात मुद्दाम शेळी खाणार नाही ते झाड!

आणि संमती? आधी पद्धत अशी होती, की वनजमीन प्रकल्पाला द्यायची तर ग्रामसभेची संमती आणि हक्कांचा निकाल आधी, केंद्राची मंजुरी नंतर. ओडिशातल्या नियमगिरीच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांनाच निर्णय करायला लावला होता. २०२२ च्या नियमांनी क्रम फिरवला: केंद्र मंजुरी देऊन मोकळं, हक्कांचं राज्याने जमीन ताब्यात देण्याआधी पाहावं. कागदावर हक्क कायम आहे. पण लग्नपत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारली तर ती काय सांगणार?

आतोबांच्या गावाने गेल्या वर्षी कुरणाचा सामूहिक दावा टाकायचं ठरवलं. एका बाजूला रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांच्या काळ्या पिशव्या येऊन पडल्या होत्या, तेव्हा कुठे गाव हललं. पुतण्याचा मुलुंडला फोन आला: तालुक्याला जुना पुरावा मागतायत, तुम्ही सगळ्यात वडील, जबाब द्यायला या. आतोबांचा जन्म १९४१ चा.

"एक्केचाळीसचा माणूस तिसाचं काय सांगणार?" आत्या म्हणाली.

"माझ्या आज्यानं मला सांगितलंय की," आतोबा म्हणाले. "कुठल्या वढ्याला कुणाचा वाडा बसायचा, मला तोंडपाठ हाय. कागदावर न्हाय म्हणून काय मेंढरं चरली न्हाईत व्हय?"

दोन दिवस त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढून कागद चाळले. फ्लॅटचं ॲग्रीमेंट निघालं, २०१४ च्या निकालाचं वर्तमानपत्रातलं कात्रण निघालं, कारखान्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या निघाल्या. तळाशी वडिलांच्या नावाची एक पावती सापडली. कुरणातल्या गवताच्या लिलावाची, घडीवर फाटलेली, साल वाचता येत होतं. आत्याने ती झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली. मूळ कागदाला प्लास्टिक लावलेलं कचेरीत चालतं का, यावर आता घरात वाद चालू आहे. आतोबांनी शुक्रवारच्या रात्रीच्या दहिवडी एसटीचं तिकीट काढलं आहे.